अमेरिकेची पायाभरणी, १७७३ ते १७९१ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न स्पर्धा परीक्षा देणारी मुलं विचारतात, अमेरिकेत नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी करणारे विचारतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं जेफरसनचं वाक्य खरं का खोटं हे पाहू इच्छिणारेही विचारतात. यातल्या निम्म्या प्रश्नांचं मूळ एकच असतं: एका कागदातली गोष्ट दुसऱ्या कागदाच्या नावावर खपवलेली असते. म्हणून कोणतंही विधान समोर आलं की ते कोणत्या कागदातलं आणि कोणत्या सालचं, एवढं आधी विचारावं. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अमेरिका १७७६ साली स्वतंत्र झाली, मग राज्यघटना १७८७ची कशी?

कारण ती दोन वेगळी कामं आहेत. १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ब्रिटनच्या राजाशी नातं तोडतो आणि का तोडतो ते सांगतो. सरकार कसं बांधायचं याचा आराखडा त्यात नाही. तो आराखडा राज्यघटनेत आहे. ती १७८७ साली लिहिली गेली, १७८८ साली पुरेशा राज्यांनी मंजूर केली आणि १७८९ साली तिचा अंमल सुरू झाला. १७९१ची हक्कांची सनद म्हणजे याच घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या. आपल्याकडे स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताक यांच्यात अडीच वर्षं गेली, तिथे जवळजवळ तेरा. त्यातली बरीचशी वर्षं युद्धात गेली. ब्रिटनने स्वातंत्र्य रीतसर मान्य केलं ते ३ सप्टेंबर १७८३च्या पॅरिस तहात. मधल्या काळात एक चौथा कागद लागू होता आणि नेमका तोच सगळे विसरतात (प्र. ६).

२. ४ जुलैला नक्की काय झालं? सह्या त्याच दिवशी झाल्या ना?

नाही. ७ जून १७७६ला व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री लीने काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, स्वातंत्र्याचा ठराव मांडला. २ जुलैला तो बारा वसाहतींच्या मतांनी मंजूर झाला. न्यू यॉर्कच्या प्रतिनिधींना घरून परवानगी आली नव्हती, म्हणून ते गप्प बसले. म्हणजे स्वातंत्र्याचा निर्णय २ जुलैचा. जॉन अ‍ॅडम्सने दुसऱ्या दिवशी बायकोला लिहिलं की पुढच्या पिढ्या २ जुलै हा सण म्हणून साजरा करतील. त्याचा अंदाज दोन दिवसांनी चुकला.

४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. त्याच रात्री जॉन डनलॅपच्या छापखान्यात सुमारे २०० प्रती छापायला घेतल्या. त्यांतल्या २६ आज ज्ञात आहेत. त्यांवर हस्तलिखित सह्या नाहीत, फक्त अध्यक्ष जॉन हॅन्कॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन यांची नावं छापलेली आहेत. ९ जुलैला न्यू यॉर्कने होकार दिला, तेव्हा कुठे मथळ्यात 'एकमताने' हा शब्द घालता आला. १९ जुलैला मजकूर चर्मपत्रावर सुंदर अक्षरात उतरवून घेण्याचा हुकूम झाला आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला पडल्या. काहींनी त्यानंतरही केल्या. एकूण सह्या ५६. सह्या करणाऱ्यांची नावं लोकांपुढे छापून आली ती थेट जानेवारी १७७७मध्ये, बाल्टिमोरच्या मेरी कॅथरीन गॉडार्ड या मुद्रक बाईंच्या छापखान्यातून.

परीक्षेत किंवा मुलाखतीत 'जाहीरनामा कधी स्वीकारला' असं विचारलं तर ४ जुलै १७७६ हेच उत्तर. 'सह्या कधी झाल्या' असं विचारलं तर मात्र ते उत्तर चूक ठरेल.

३. जाहीरनामा जेफरसनने एकट्याने लिहिला का?

पहिला मसुदा त्याचा. काँग्रेसने ११ जूनला पाच जणांची समिती नेमली होती: थॉमस जेफरसन, जॉन अ‍ॅडम्स, बेंजामिन फ्रँकलिन, रॉजर शर्मन आणि रॉबर्ट लिव्हिंग्स्टन. अ‍ॅडम्स-फ्रँकलिननी किरकोळ फेरफार केले, पण खरी कात्री चालली ती काँग्रेसच्या सभागृहात. मसुद्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग गेला. त्यात गुलामांच्या व्यापाराचं खापर राजावर फोडणारा एक लांबलचक परिच्छेद होता (प्र. १४). लिव्हिंग्स्टन समितीत असूनही त्याची सही जाहीरनाम्यावर नाही.

कल्पनाही एकट्या जेफरसनच्या नव्हत्या. जॉर्ज मेसनने लिहिलेला व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा १२ जूनला, म्हणजे तीनच आठवडे आधी, मंजूर झाला होता. माणसं जन्मतः मुक्त आहेत आणि काही हक्क त्यांच्यापासून हिरावता येत नाहीत, हे त्यात आलेलंच आहे. दोघांच्याही मागे इंग्रज विचारवंत जॉन लॉक उभा आहे.

४. 'सर्व माणसे समान' हे वाक्य माहीत आहे. बाकीच्या जाहीरनाम्यात काय आहे?

बहुतेक तक्रारी, आणि त्याही २७. सुरुवातीला एक वाक्याची प्रस्तावना, मग तत्त्वांचा तो प्रसिद्ध परिच्छेद, मग तिसऱ्या जॉर्जविरुद्धच्या तक्रारींची यादी, शेवटी स्वातंत्र्याची घोषणा. यादी राजाविरुद्ध आहे. 'पार्लमेंट' हा शब्द तिच्यात कुठेही नाही. कर लादले होते पार्लमेंटने, मग तिचं नाव का नाही? कारण १७७६पर्यंत वसाहतींच्या पुढाऱ्यांची भूमिका अशी झाली होती की पार्लमेंटचा आपल्यावर अधिकार कधी नव्हताच, नातं होतं ते फक्त राजाशी. जिच्याशी नातंच नाही तिच्याशी काडीमोड कसला घ्यायचा?

शेवटच्या तक्रारीत मूळ रहिवाशांना निर्दय रानटी म्हटलेलं आहे. ४ जुलैच्या भाषणांत हा भाग सहसा वाचला जात नाही.

आणखी एक गल्लत. 'जीवित, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध' हे शब्द जाहीरनाम्यातले. 'जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता' हे घटनेच्या पाचव्या दुरुस्तीतले. कोर्टात दाद मागता येते ती दुसऱ्यावर. जाहीरनामा हा लागू करण्याजोगा कायदा नाही.

५. बोस्टनच्या समुद्रात फेकलेला चहा भारतातला होता का?

चहा चीनचा होता, मालक मात्र ईस्ट इंडिया कंपनी. आसामात चहाची लागवड सुरू झाली ती १८३०च्या दशकात. भारताशी संबंध आहे तो वेगळा: बंगालमधला दुष्काळ आणि अंदाधुंद कारभार यांमुळे कंपनी कर्जात बुडाली होती आणि तिच्या लंडनच्या गोदामांत एक कोटी पौंड वजनाहून जास्त चहा पडून होता. तो खपावा म्हणून पार्लमेंटने १७७३चा चहा कायदा केला.

'चहा महाग झाला म्हणून लोक भडकले' असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. झालं होतं उलट. कंपनीला इंग्लंडमधला कर माफ झाला, थेट वसाहतींत विकायची मुभा मिळाली, त्यामुळे कायदेशीर चहा स्वस्त होणार होता. पण अमेरिकेत उतरताना पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर कायम होता. स्वस्त चहा घेतला की पार्लमेंटचा कर लावण्याचा हक्क मान्य केल्यासारखं होत होतं. शिवाय स्थानिक व्यापारी आणि चोरटा डच चहा आणणारे, दोघांचाही धंदा बसणार होता.

तारखेचंही कारण आहे. 'डार्टमथ' जहाजाला जकात भरायला वीस दिवसांची मुदत होती, ती संपली की १७ डिसेंबरला जकातखातं माल जप्त करून उतरवून घेणार होतं. गव्हर्नर हचिन्सन जहाजांना माघारी जाऊ देईना (त्याची दोन मुलंच चहाची अडतदार होती!). म्हणून १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

६. राज्यघटनेआधी देश कशावर चालत होता? ते का फसलं?

'महासंघाची कलमं' या करारावर. काँग्रेसने ती १५ नोव्हेंबर १७७७ला स्वीकारली. तेरावं राज्य मेरीलँड अडून बसलं होतं, त्यामुळे अंमल सुरू झाला १ मार्च १७८१ला. ('काँग्रेस' म्हणजे इथे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींची सभा. पक्षाशी संबंध नाही. हा खुलासा दरवेळी करावा लागतो.)

रचना अशी होती: एकच सभागृह, प्रत्येक राज्याला एक मत. वेगळा राष्ट्रप्रमुख नाही, देशभरची न्यायव्यवस्था नाही. महत्त्वाच्या निर्णयाला तेरापैकी नऊ राज्यं लागत आणि कलमांत बदल करायचा तर तेराच्या तेरा.

फसण्याचं मुख्य कारण पैसा. काँग्रेसला कर लावण्याचा अधिकारच नव्हता, ती राज्यांकडे वर्गणी मागायची आणि राज्यं हवी तेवढी द्यायची, किंवा द्यायची नाहीत. युद्धाचं कर्ज मात्र काँग्रेसच्या डोक्यावर. आयात मालावर पाच टक्के जकात बसवायचा प्रस्ताव १७८१मध्ये आला. बारा राज्यं तयार होती, ऱ्होड आयलंड नाही म्हणालं आणि प्रस्ताव मेला. व्यापारावर नियंत्रण नसल्यामुळे राज्यं एकमेकांच्या मालावर कर बसवू लागली. १७८६-८७ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेजच्या मागे उठले, कोर्टं बंद पाडली आणि ते मोडायला काँग्रेसकडे फौज उभी करण्याइतके पैसे नव्हते. सप्टेंबर १७८६ला अ‍ॅनापोलिसच्या बैठकीला पाचच राज्यांचे लोक आले, पण त्यांनी पुढल्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला जमायची हाक दिली.

या व्यवस्थेने काहीच केलं नाही असं मात्र म्हणू नये. १३ जुलै १७८७च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशात ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी घातली ती याच काँग्रेसने.

७. वॉशिंग्टनआधी जॉन हॅन्सन हा पहिला राष्ट्राध्यक्ष होता म्हणतात. खरं का?

शब्दाची गंमत आहे. काँग्रेसच्या अध्यक्षाला 'प्रेसिडेंट' म्हणत, पण तो सभेचा अध्यक्ष, म्हणजे आपल्या लोकसभेच्या सभापतीच्या जवळचा. राज्यकारभाराचे अधिकार त्याला नव्हते. हॅन्सन नोव्हेंबर १७८१मध्ये निवडला गेला. पण महासंघाची कलमं लागू झाली त्या दिवशी त्या खुर्चीत सॅम्युएल हंटिंग्टन होता आणि १७७४च्या पहिल्या काँग्रेसचा अध्यक्ष होता पेटन रँडॉल्फ. म्हणजे हॅन्सन कोणत्याच हिशेबाने पहिला येत नाही. घटनेतलं राष्ट्राध्यक्षपद भूषवणारा पहिला माणूस वॉशिंग्टनच. त्याचा शपथविधी ३० एप्रिल १७८९, न्यू यॉर्क.

८. फिलाडेल्फियाच्या सभेत एवढे चार महिने कशावर घालवले?

राज्यघटना लिहिणारी ही सभा चालली २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७. बारा राज्यांचे ५५ जण कधी ना कधी हजर राहिले, ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवलं नाही. अध्यक्ष वॉशिंग्टन. कामकाज गुप्त. जेम्स मॅडिसनने रोज लिहिलेली टिपणं छापून आली ती १८४० साली, त्याच्या मृत्यूनंतर.

मुख्य तिढा प्रतिनिधित्वाचा. व्हर्जिनियाच्या आराखड्यात दोन सभागृहं होती आणि दोन्हीत लोकसंख्येप्रमाणे जागा, अर्थात मोठ्या राज्यांची चंगळ. न्यू जर्सीच्या आराखड्यात एकच सभागृह आणि प्रत्येक राज्याला समान मत. कनेटिकटच्या प्रतिनिधींनी सुचवलेली तडजोड १६ जुलैला निसटत्या मतांनी मंजूर झाली: पाच राज्यं बाजूने, चार विरुद्ध, मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी आपसात विभागलेले. खालचं सभागृह लोकसंख्येप्रमाणे, सिनेटमध्ये सर्वांना सारख्या जागा. आजही लोकसंख्येने सर्वांत लहान असलेल्या वायोमिंगला आणि सर्वांत मोठ्या कॅलिफोर्नियाला सिनेटमध्ये दोन-दोनच जागा आहेत, ते या एका मतदानामुळे.

या सभेला काँग्रेसने काम दिलं होतं जुन्या कलमांत सुधारणा सुचवण्याचं. त्यांनी जुना कागद बाजूला सारून नवाच लिहिला. शिवाय जुन्या नियमाप्रमाणे बदलाला तेरा राज्यं लागत, त्यांनी नव्या घटनेच्या सातव्या कलमात लिहून टाकलं की नऊ पुरेत, आणि मंजुरी विधिमंडळांनी नव्हे, खास निवडलेल्या सभांनी द्यायची. विरोधकांनी यावर रान उठवलं आणि कायद्याच्या काट्यावर त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नववं राज्य, न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८ला आलं. व्हर्जिनियात मतं पडली ८९ विरुद्ध ७९, न्यू यॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. ऱ्होड आयलंड सगळ्यात शेवटी, २९ मे १७९०ला, दोन मतांच्या फरकाने.

९. 'आम्ही लोक' ही सुरुवात कुणाची? त्यात एवढं काय आहे?

आधीच्या मसुद्यात 'आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स...' अशी राज्यांची यादी होती. अखेरचा हात फिरवला गुव्हर्नर मॉरिसने (गुव्हर्नर हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे). त्याने यादी काढून 'आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक' असं केलं. एक कारण अगदी व्यवहारी होतं: नऊ राज्यांवर काम भागणार होतं आणि कोणती नऊ येतील ते कुणालाच माहीत नव्हतं. पण परिणाम मोठा झाला. पॅट्रिक हेन्रीने व्हर्जिनियाच्या सभेत हाच प्रश्न विचारला की 'आम्ही राज्ये' न म्हणता 'आम्ही लोक' म्हणायचा अधिकार यांना दिला कुणी? आपल्या उद्देशिकेची 'आम्ही, भारताचे लोक' ही सुरुवात त्याच घरातली.

१०. 'संस्थापक' नक्की कोण? सगळ्यांनी दोन्ही कागदांवर सह्या केल्या का?

अधिकृत यादी नाही. साधारणपणे वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, मॅडिसन, हॅमिल्टन आणि जॉन जे ही सात नावं धरतात. जाहीरनाम्यावर ५६ सह्या आहेत, घटनेवर ३९ प्रतिनिधींच्या, आणि दोन्हींवर सही असलेली माणसं फक्त सहा: फ्रँकलिन, रॉजर शर्मन, रॉबर्ट मॉरिस, जेम्स विल्सन, जॉर्ज रीड, जॉर्ज क्लायमर.

सर्वांत जास्त चुका इथे होतात. घटना लिहिली जात होती तेव्हा जेफरसन पॅरिसमध्ये राजदूत होता आणि अ‍ॅडम्स लंडनमध्ये. दोघांचाही त्या सभेशी प्रत्यक्ष संबंध नाही. उलट वॉशिंग्टनची सही जाहीरनाम्यावर नाही, कारण तेव्हा तो न्यू यॉर्कमध्ये फौजेबरोबर होता. मॅडिसन आणि हॅमिल्टन यांचीही नाही. जाहीरनामा, महासंघाची कलमं आणि घटना, शिवाय १७७४चा ब्रिटिश मालावरच्या बहिष्काराचा करार, या चारही कागदांवर सही असलेला एकमेव माणूस म्हणजे शर्मन, आणि त्याचं नाव कुणाला आठवत नाही.

शेवटपर्यंत बसून घटनेवर सही नाकारणारे तिघे: जॉर्ज मेसन, एडमंड रँडॉल्फ, एलब्रिज गेरी. मेसनचं कारण प्र. १२ मध्ये.

११. फेडरॅलिस्ट लेख हा घटनेचा भाग आहे का?

नाही. न्यू यॉर्कच्या लोकांनी घटनेला होकार द्यावा म्हणून 'पब्लियस' या टोपणनावाने वर्तमानपत्रांत आलेले ते ८५ लेख. पहिला २७ ऑक्टोबर १७८७चा. हॅमिल्टनचे ५१, मॅडिसनचे २९, जॉन जेचे ५. जे आजारी पडला म्हणून त्याचे कमी. बारा लेखांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन दोघांचाही दावा सांगितला जाई. १९६०च्या दशकात शब्दांच्या वापराची संख्याशास्त्रीय मोजणी करून ते मॅडिसनचे ठरले.

सर्व वाचायला वेळ नसेल तर चार वाचावेत: क्र. १० (गटबाजीला आवर कसा घालायचा), क्र. ५१ (सत्तांनी एकमेकींना कसं रोखायचं), क्र. ७८ (न्यायालयं) आणि क्र. ८४. कोर्टं त्यांचा हवाला देतात, पण ती प्रचाराची लेखणी होती हे विसरू नये. 'ब्रूटस', 'फेडरल फार्मर' अशा नावांनी लिहिणाऱ्या विरोधकांचेही लेख सोबत वाचले तरच वाद कळतो.

१२. एवढे हक्कांचे पुरस्कर्ते, मग मूळ घटनेत हक्कांची सनद का नव्हती?

मेसनने सभा संपता संपता मागणी केली होती, ती एकाही राज्याच्या मताविना फेटाळली गेली. लोक थकले होते, घरी जायचं होतं, हे एक. पण हॅमिल्टनने फेडरॅलिस्ट लेख क्र. ८४ मध्ये (प्र. ११) तात्त्विक कारणही दिलं: जो अधिकार सरकारला दिलाच नाही तो वापरू नको असं लिहिलं, तर वाचणारा समजेल की बाकीचे अधिकार दिलेलेच आहेत. लोकांना ते पटलं नाही. मॅसॅच्युसेट्सपासून पुढे राज्यं 'मंजूर, पण या सुधारणा करा' अशी यादी जोडू लागली.

मॅडिसनने ८ जून १७८९ला सुधारणा मांडल्या. हॅमिल्टनच्या शंकेचं उत्तर नवव्या दुरुस्तीत आहे: इथे काही हक्क लिहिले म्हणून न लिहिलेले हक्क लोकांकडे नाहीत असा अर्थ काढू नये.

एक महत्त्वाची मर्यादा: ही सनद सुरुवातीला फक्त केंद्र सरकारला बांधत होती. १८३३ साली सर्वोच्च न्यायालयाने बॅरन विरुद्ध बाल्टिमोर खटल्यात तसं स्पष्टच सांगितलं. तुमच्या राज्याने तुमचं तोंड बंद केलं तर पहिली दुरुस्ती कामाची नव्हती. ते बदललं १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीनंतर, आणि तेही विसाव्या शतकात एकेका खटल्यातून.

१३. अभिव्यक्तिस्वातंत्र्य सर्वांत महत्त्वाचं म्हणून ते पहिल्या दुरुस्तीत ठेवलं ना?

योगायोग. काँग्रेसने २५ सप्टेंबर १७८९ला राज्यांकडे बारा दुरुस्त्या पाठवल्या, त्यांत ही तिसरी होती. पहिली (खालच्या सभागृहाच्या आकाराची) आणि दुसरी (खासदारांच्या पगाराची) मंजूर झाल्या नाहीत, म्हणून तिसरी पहिली झाली. १५ डिसेंबर १७९१ला व्हर्जिनियाच्या होकाराने दहा दुरुस्त्या लागू झाल्या. मंजुरीला मुदत घातलेली नव्हती, त्यामुळे पगाराची दुरुस्ती तशीच लोंबकळत राहिली आणि १९९२ साली, २०२ वर्षांनी, सत्ताविसावी दुरुस्ती म्हणून घटनेत आली!

१४. 'सर्व माणसे समान' लिहिणारेच गुलाम बाळगत होते. हे त्यांना कळत नव्हतं?

कळत होतं, म्हणून तर घटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही. 'इतर सर्व व्यक्ती', 'सेवेस बांधलेली व्यक्ती' अशा आडवळणांनी लिहिलं आहे. पण तरतुदी तीन आहेत आणि तिन्ही पक्क्या. जागांची मोजणी (प्र. १५). गुलामांच्या आयातीवर १८०८पूर्वी काँग्रेसला बंदी घालता येणार नाही. आणि पळून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला मालकाच्या हवाली करावं लागेल.

माणसं मात्र एका साच्यातली नव्हती. जेफरसनने गुलामगिरीविरुद्ध लिहिलं आणि आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. तो कर्जात मेला आणि मागे राहिलेल्यांचा लिलाव झाला. वॉशिंग्टनने १७९९च्या मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त केलं, पण माउंट व्हर्ननवरचे आणखी १५३ जण पत्नीच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीचे होते, त्यांना सोडण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्या दोन गटांत लग्नं झालेली होती, तेव्हा कुटुंबं फुटली. फ्रँकलिनने पूर्वी गुलाम ठेवले, पण फेब्रुवारी १७९०मध्ये गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष म्हणून काँग्रेसकडे अर्ज केला. त्यानंतर दोनच महिन्यांनी तो वारला. जॉन अ‍ॅडम्सने गुलाम कधीच ठेवले नाहीत.

'त्या काळी सगळे तसेच होते' हेही खरं नाही. व्हर्मॉन्टच्या १७७७च्या घटनेत प्रौढांच्या गुलामगिरीला मनाई होती, पेनसिल्व्हेनियाने १७८० साली टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा केला आणि १७९०च्या शिरगणतीत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदलेला नाही. त्याच शिरगणतीत देशभर सुमारे सात लाख माणसं गुलाम होती. १८६०पर्यंत संख्या वाढतच गेली, देशभरची गुलामगिरी संपली ती १८६५च्या तेराव्या दुरुस्तीने.

१५. तीन-पंचमांश म्हणजे कृष्णवर्णीयाला साठ टक्के माणूस मानलं, असंच ना?

असं म्हणतात, पण हिशेब पाहिला की गोष्ट उलगडते. प्रश्न होता राज्याच्या जागा मोजताना गुलामांना धरायचं का. पूर्ण धरा, असं म्हणत होती गुलामांची राज्यं, कारण त्यांच्या जागा वाढल्या असत्या. अजिबात धरू नका, असं म्हणणारे उत्तरेचे. गुलामांना मताचा हक्क मात्र कुणीच देणार नव्हतं. मुक्त कृष्णवर्णीय पूर्ण एक मोजला जात होता.

१७९०च्या शिरगणतीचं उदाहरण घ्या. व्हर्जिनियात मुक्त माणसं सुमारे ४,५५,००० आणि गुलाम सुमारे २,९२,६००. पेनसिल्व्हेनियात मुक्त सुमारे ४,३०,६०० आणि गुलाम जेमतेम ३,७००. १७९२च्या कायद्याने ३३,००० माणसांमागे एक जागा, अपूर्णांक सोडून. फक्त मुक्त माणसं मोजली तर दोन्ही राज्यांना १३-१३ जागा. गुलामांचे तीन-पंचमांश (१,७५,६००) मिळवले की व्हर्जिनियाची संख्या ६,३०,६०० होते आणि जागा १९. पेनसिल्व्हेनिया १३वरच. राष्ट्राध्यक्ष निवडणारे निर्वाचकही जागांच्या प्रमाणात असल्यामुळे हा फायदा तिथेही मिळाला. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे होते, हे लक्षात ठेवा.

१६. अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून स्थापन झाली का?

जाहीरनाम्यात 'निर्मात्या'चा उल्लेख आहे. घटनेत देवाचं नाव नाही, तारखेतल्या 'प्रभूच्या वर्षी' या रूढ शब्दांपलीकडे. सहाव्या कलमात सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला स्पष्ट मनाई आहे. दुसऱ्या बाजूला, 'चर्च आणि राज्य यांच्यातली भिंत' हे शब्दही घटनेतले नाहीत, ते जेफरसनच्या १ जानेवारी १८०२च्या डॅनबरी बाप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रातले. आणि पहिली दुरुस्ती राज्यांना लागू नसल्यामुळे (प्र. १२) मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी आधाराचं चर्च १८३३पर्यंत चालू होतं. दोन्ही बाजूंचे लोक अर्धाच पुरावा दाखवतात.

१७. हॅमिल्टन परदेशात जन्मला म्हणून राष्ट्राध्यक्ष होऊ शकला नाही, बरोबर?

चूक. घटना स्वीकारली तेव्हा जो नागरिक होता तो पात्र, असा अपवाद दुसऱ्या कलमातच आहे. तो नसता तर वॉशिंग्टनही अडचणीत आला असता, कारण ते सगळेच ब्रिटिश प्रजा म्हणून जन्मले होते.

१८. दोन डॉलरच्या नोटेमागे सह्या करतानाचं चित्र आहे ना?

नाही, समिती मसुदा सादर करते आहे तो प्रसंग. चित्रकार जॉन ट्रंबुल.

१९. त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं?

मार्च १७७६मध्ये, म्हणजे जाहीरनाम्याच्या चार महिने आधी, पुणे दरबार आणि इंग्रज यांच्यात पुरंदरचा तह झाला. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध अमेरिकेच्या युद्धाशी समांतर चाललं: १७७९ला वडगाव, १७८२ला सालबाईचा तह. १७८१ला यॉर्कटाउनमध्ये शरण आलेला कॉर्नवॉलिस १७८६ला गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला आणि टिपूविरुद्धच्या युद्धात पेशव्यांशी त्याने हातमिळवणी केली.

२०. महात्मा फुल्यांनी वाचलेला थॉमस पेन तोच का? आणि 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका?

माणूस तोच, पुस्तक वेगळं. जानेवारी १७७६मध्ये स्वातंत्र्याची हवा तापवणारी पेनची पुस्तिका होती 'कॉमन सेन्स'. जोतीरावांनी १८४७च्या सुमारास वाचलं ते १७९१-९२चं 'राइट्स ऑफ मॅन', फ्रेंच राज्यक्रांतीच्या समर्थनात लिहिलेलं. १८७३ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामगिरी मोडून काढणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. म्हणजे गौरव आहे तो १८६०च्या दशकातल्यांचा, प्र. १४ मधल्या संस्थापकांचा नव्हे. निबंधांत हे दोन्ही सर्रास मिसळलेलं दिसतं.

२१. भारताच्या घटनेने अमेरिकेकडून काय घेतलं, काय नाकारलं?

न्यायालयात मागता येणारे मूलभूत हक्क, कायदे घटनेवर घासून पाहण्याचा न्यायालयांचा अधिकार, वरच्या सभागृहाचा पदसिद्ध सभापती असलेले उपराष्ट्रपती, ही ठळक उसनवारी. नाकारलं ते जास्त बोलकं आहे. ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतलं दुहेरी नागरिकत्व आणि आपलं एकेरी यांतला फरक सांगितला, आणि अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त पण रोजची जबाबदारी कमी, म्हणून संसदीय पद्धत निवडली असं मांडलं. पाचव्या दुरुस्तीतली 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' ही शब्दयोजनाही गाळली गेली. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव १९४७मध्ये अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, त्यांनी ती न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता देते असा इशारा दिला होता. म्हणून आपल्या अनुच्छेद २१ मध्ये 'कायद्याने स्थापित केलेली पद्धती' आहे. १९७८च्या मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बराचसा अर्थ परत आणला, ही पुढची गोष्ट.

२२. मूळ कागद पाहायला मिळतात का? अक्षर लागतं का?

वॉशिंग्टन शहरातल्या नॅशनल अर्काइव्हज या सरकारी दप्तरखान्यात जाहीरनामा, घटना आणि हक्कांची सनद तिन्ही एकाच दालनात आहेत, आर्गॉन वायू भरलेल्या पेट्यांत. घटनेची चार पानं चांगली वाचता येतात. सह्यांजवळ पेनसिल्व्हेनियाच्या स्पेलिंगमध्ये एक 'एन' गाळलेला दिसतो, तो त्या काळी चालत असे. जाहीरनामा मात्र जवळजवळ पुसट झाला आहे. १८४१ ते १८७६ तो पेटंट ऑफिसात खिडकीसमोर टांगलेला होता. पाठ्यपुस्तकात दिसणारी स्वच्छ प्रत ही विल्यम स्टोनने १८२३ साली पूर्ण केलेल्या ताम्रपटाच्या छाप्यावरून आलेली.

२३. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं वाक्य जेफरसनचं की नाही, कसं तपासायचं?

आधी पाहा की सोबत पत्राची तारीख आणि कुणाला लिहिलं ते दिलं आहे का. नसेल तर संशय धरा. मग नॅशनल अर्काइव्हजच्या 'फाउंडर्स ऑनलाइन' या मोफत संग्रहात शोधा. प्र. १० मधल्या सातही जणांचे कागद तिथे आहेत. मराठीतून परत इंग्रजीत केलेलं अख्खं वाक्य टाकलं तर काही सापडत नाही. दोन-तीन नेमके शब्द टाका आणि त्या काळचं स्पेलिंग वेगळं असू शकतं हे धरून चाला. सापडलं तर मागचा-पुढचा परिच्छेद वाचा, कारण पुष्कळदा ते वाक्य लेखकाने खोडून काढण्यासाठी उद्धृत केलेलं असतं. 'सतत जागरूकता ही स्वातंत्र्याची किंमत' आणि 'सर्वांत कमी राज्य करणारं सरकार सर्वांत चांगलं' ही जेफरसनच्या नावावर फिरणारी दोन वाक्यं त्याच्या कागदांत सापडलेली नाहीत.